गाडी घेऊ, पण चार्ज कुठे करू?

आम्ही वसईच्या गिरीजमधून बोलतोय. आमचा बारा जणींचा बचत गट आहे. एरवी आमच्या बैठकीत भाजीचा भाव, पोरांच्या फिया आणि कर्जाचे हप्ते एवढंच असतं. विजेवर चालणारी कार हा काही आमचा विषय नव्हता. पण एका कर्जाच्या अर्जामुळे तो आमच्या वहीत आला.

झालं असं, की आमच्या गटातल्या एक ताई गाडी चालवायला शिकल्या, परवानाही काढला. आपल्या भागातली बरीच माणसं परदेशी नोकरीला असतात. त्यांना विमानतळावर सोडायचं, आणायचं, असा धंदा करायचं ताईंनी ठरवलं. गाडी विजेवरची घ्यायची, कारण डिझेलपेक्षा खर्च कमी. मोठं कर्ज बँकेचं, आणि वरचे थोडे पैसे गटाने द्यावेत, असा अर्ज आला.

बैठकीत सगळ्या खूश. तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, "पेट्रोल संपलं तर पंप आहे. हिची वीज संपली तर काय?" त्या एका प्रश्नावर अर्ज महिनाभर थांबवला आणि आम्ही हिशोबाला बसलो.

ताई बघत होत्या त्या गाडीच्या बॅटरीत ३० युनिट वीज मावते. प्रत्यक्ष रस्त्यावर ती २०० किलोमीटरच्या आसपास जाते. गिरीजहून मुंबई विमानतळ जाऊन-येऊन साधारण १०० किलोमीटर. म्हणजे एक फेरी निर्धास्त. दुसरी फेरी धरली तर बॅटरी तळाला जाणार, आणि घोडबंदरच्या वाहतूक कोंडीत अडकलो तर जीव टांगणीला. घरच्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर तासाला तीनेक युनिट भरतात. पूर्ण बॅटरीला दहा तास, म्हणजे अख्खी रात्र. जलद चार्जरवर तासाभरात बरंच काम होतं. पण तो घरी बसवणं परवडत नाही, तो बाहेरच शोधावा लागतो.

मग एका रविवारी आम्ही तिघी मोबाइलवरचा नकाशा घेऊन बाहेर पडलो. वसई स्टेशनपासून महामार्गापर्यंत दिसतील ती चार्जिंगची ठिकाणं बघायची ठरवलं. एक ठिकाण बंद फाटकाच्या आत होतं. एका ठिकाणी यंत्रासमोर पेट्रोलची गाडी लावून मालक गायब. तिसरं चालू होतं, पण आधी त्यांचं ॲप घ्या, त्यात पैसे भरा, मग वीज. चौथं छान चालत होतं. तिथे थांबलेल्या एका चालकदादांनी सांगितलं, "ताई, नकाशावर ठिपका दिसला म्हणून निघू नका. तिथे शेवटची गाडी कधी चार्ज झाली ते ॲपमध्ये बघा, आणि जवळचं दुसरं ठिकाण कायम लक्षात ठेवा."

आपल्याकडे गावोगावी बावखलं आहेत. पाणी भरपूर असलं तरी उतरायची वाट काट्याकुट्यांनी बंद झाली तर घागर रिकामीच परत येते. चार्जरचं तसंच आहे. यंत्र बसवलं म्हणजे सोय झाली असं नाही. आणि ताईंना तर रात्री दोनला विमानतळावरून परतताना तिथे तासभर एकटीने थांबायचं. उजेड हवा, रखवालदार हवा, जवळ स्वच्छतागृह हवं. या गोष्टी आम्ही वहीत वेगळ्या लिहून ठेवल्या, कारण नकाशात त्या कुठेच दिसत नाहीत.

सरकारी नियम आपल्या बाजूचे आहेत, ते माहीत असावेत. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत शहरात ३ किलोमीटर बाय ३ किलोमीटरच्या चौकोनात एक आणि महामार्गावर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंनी एक सार्वजनिक चार्जिंग केंद्र असावं, असं म्हटलं होतं. राज्याच्या २०२५ च्या धोरणातही राष्ट्रीय महामार्गांवर २५ किलोमीटरचंच अंतर धरलं आहे. फेब्रुवारी २०२४ पासून वाहन चार्जिंगसाठी ग्राहकाला वेगळी वीजजोडणी मागता येते. नवे खांब-तारा लागणार नसतील तर ती महापालिका हद्दीत ७ दिवसांत आणि खेड्यात १५ दिवसांत मिळायला हवी.

ही वेगळी जोडणी महत्त्वाची. रोज २० युनिट गाडीत गेले तर महिन्याला ६०० झाले. तेवढे घरच्याच मीटरवर चढले तर आपण वरच्या दराच्या टप्प्यात जातो. चार्जिंगसाठी दराची वर्गवारी स्वतंत्र आहे. बाहेरच्या केंद्रावर विजेच्या दरावर सेवाशुल्क आणि १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून रोजचं चार्जिंग शक्यतो घरी आणि अडीनडीला बाहेर.

आणखी एक. घरचा पॉइंट करताना अर्थिंग नीट तपासून घ्या, त्याला वेगळा एमसीबी लावा, एक्स्टेंशनच्या वायरीवर गाडी कधीही लावू नका. पॉइंट उंचावर घ्या. जुलै २०१८ चा पूर आठवा. वसईत पाणी शिरलं आणि वीजही गेली होती. पावसाचा अंदाज असेल तर आदल्या रात्रीच बॅटरी भरून ठेवायची, जसे आपण हंडे भरून ठेवतो.

शेवटी आम्ही काय ठरवलं? अर्ज मंजूर केला. पण गटाचे पैसे आधी वेगळी जोडणी आणि पॉइंटसाठी, गाडी त्यानंतर. पहिले सहा महिने दिवसाला विमानतळाची एकच फेरी, उरलेल्या वेळात जवळची भाडी. बँकेचा हप्ता एका फेरीत बसतो का, ते आम्ही सगळ्यांसमोर मांडून बघितलं. बसतो, पण ओढाताण होते. दुसऱ्या फेरीची कमाई बाहेरच्या चार्जरवर अवलंबून आहे.

म्हणून बारा जणींच्या सह्यांचा अर्ज आम्ही प्रभाग कार्यालयात दिला आहे. गिरीजच्या बाजूला, उजेडाच्या आणि वर्दळीच्या जागी एक चार्जर द्या, त्यासमोर दुसरी गाडी लावायला मनाई करा, आणि बिघाड झाला तर फोन कुणाला करायचा तो नंबर मोठ्या अक्षरांत लिहा. उत्तराची वाट बघतोय. महिन्यातून एकदा दोघी जाऊन विचारून येतो.

तुमच्या गटात असा अर्ज आला तर कर्जाआधी तीन प्रश्न विचारा. रात्री गाडी कुठे चार्ज होणार? रस्त्यात कुठे होणार, आणि तिथे एकटी बाई थांबू शकेल का? ते यंत्र बंद असलं तर दुसरं कुठे? तिन्हींची उत्तरं स्वतः जाऊन बघून आणा, मगच वहीत सही करा.

ताईंच्या गाडीच्या हिरव्या पाटीवर पिवळे आकडे आले, की पहिली फेरी आमची. बाराही जणी एका गाडीत मावणार नाही, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या आहेत. मावशींचं नाव मात्र चिठ्ठीत नाही, त्यांची जागा पुढची, पक्की.