गेलेली पत पुन्हा कशी मिळवावी?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)



आम्ही बडोद्यातले काही निवृत्त बँक कर्मचारी. दर रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयाशेजारच्या खोलीत बसतो आणि कोणी बँकेचे कागद घेऊन आलं तर ते वाचून समजावून सांगतो. पूर्वी लोक मुदत ठेवीचं व्याज, वारसनोंद, पेन्शन असे प्रश्न घेऊन येत. आता निम्मे लोक क्रेडिट कार्डाची थकबाकी घेऊन येतात, आणि दार लोटून घेऊन बोलतात. म्हणून समितीनं विषय विचारला तेव्हा आम्ही हाच सांगितला.

पत हा शब्द आपल्या गावाला नवा नाही. १८८९ मध्ये याच शहरात विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाऊसाहेब कवठेकरांच्या पुढाकारानं ‘अन्योन्य’ मंडळी स्थापन झाली. देशातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचं नाव घेतलं जातं. १९०८ मध्ये सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदाची स्थापना केली. त्या काळी माणसाची पत म्हणजे त्याला ओळखणाऱ्या चार लोकांचा शब्द. आज ती ३०० ते ९०० मधला एक आकडा झाली आहे, आणि तो आकडा आपल्याला ओळखत नाही. पण त्याचे नियम ठरलेले आहेत. नियम ठरलेले असले की वाटही काढता येते.

आधी दिवाळखोरीबद्दल थोडं. पूर्वी व्यापाऱ्याचं दिवाळं निघालं की तो भरदिवसा पेढीवर दिवा लावून बसे, असं सांगतात. म्हणजे गोष्ट उघड होती. आज कित्येक घरांत बायकोलाही ठाऊक नसतं. कायद्यातली दिवाळखोरी वेगळी. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांसाठी १९०९ चा कायदा आणि बाकीच्या भागासाठी १९२० चा. २०१६ मध्ये नवी दिवाळखोरी संहिता आली खरी, पण व्यक्तींसाठीचा तिचा भाग २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झाला. आपल्यासारख्यांना बडोद्यात नादार ठरवून घ्यायचं तर आजही त्या शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यानं जिल्हा न्यायालयात जावं लागतं. ‘नादार’ शब्द मराठीत आणि गुजरातीत एकच आहे. आपल्या पिढीला मात्र तो शाळेतल्या फीमाफीमुळे माहीत. तिथे नादारी मिळाली की आई देवापुढे साखर ठेवी!

कोर्टाची ही वाट फार थोडे लोक धरतात. बहुतेकांची दिवाळखोरी न्यायालयाबाहेर होते. हप्ते थकतात, ९० दिवस उलटले की खातं अनुत्पादित ठरतं, वसुलीचे फोन येतात आणि शेवटी बँक म्हणते, अमुक रक्कम एकदम भरा, बाकीची सोडून देतो. याला तडजोड म्हणतात. माणूस सुटकेचा श्वास टाकतो. पण अहवालात त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असं लिहिलं जातं. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फेडलं, ‘सेटल्ड’ म्हणजे कमी घेऊन मिटवलं, आणि ‘रिटन ऑफ’ म्हणजे बँकेनं येणं बुडीत धरलं. या तीन शब्दांतला फरक कर्ज घेताना फार महाग पडतो.

आमच्याकडे आलेल्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. ओळख पटेल असं काही सांगणार नाही. त्यांचा लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, असली कामं. २०२० साली काम थांबलं आणि कागदवाल्याचे पैसे कार्डावरून दिले गेले. एका कार्डाचे दुसऱ्यावर, दुसऱ्याचे तिसऱ्यावर. दरमहा ‘किमान रक्कम’ भरत होते, म्हणजे आपण वेळेवर भरतो आहोत असं त्यांना वाटत होतं. ते गणित इथेच करू. एक लाख बाकी आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. व्याज झालं ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ६३० रुपये. एकूण ४,१३०. तुम्ही ५,००० भरले तर मूळ देणं कमी झालं फक्त ८७० रुपयांनी. त्यात महिनाभरात नवी खरेदी केली असेल तर तेवढंही नाही. दोन वर्षांनी त्यांनी दोन कार्डं तडजोडीनं मिटवली आणि तिसरं बँकेनं बुडीत दाखवलं. छापखाना बंद झाला, ते एका दुकानात हिशेब लिहू लागले. प्रकरण संपलं असं घरात सगळ्यांना वाटलं. मग मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जाला वडील सहकर्जदार लागतात, आणि बँकेनं वडिलांचा अहवाल काढला.

त्या मुलीचं पहिलं वर्ष मामांच्या पैशांवर झालं. वडील आमच्याकडे आले ते दुसऱ्या वर्षाची सोय व्हावी म्हणून. त्यांनी जे केलं ते क्रमानं सांगतो, कारण तेच सर्वांना करता येईल.

पहिलं, अहवाल मागवला. आपल्या देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २०१७ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा, कारण एकीत असलेली नोंद दुसरीत नसू शकते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्यानं आकडा कमी होत नाही. ही भीती पुष्कळांना असते.

दुसरं, चुका शोधल्या. त्यांचं एक जुनं कर्ज पूर्ण फिटलेलं असून थकलेलं दिसत होतं. तक्रार केली की ३० दिवसांत निकाल द्यावा लागतो. नाही दिला तर एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. तेवढ्यानं भागलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यांची ती नोंद दुरुस्त झाली.

तिसरं, ‘सेटल्ड’ खात्यांची सोडून दिलेली रक्कम किती होती ते बँकेला विचारलं. लहान रक्कम होती त्या कार्डाची बाकी त्यांनी हप्त्याहप्त्यानं भरली, ना-देय पत्र घेतलं आणि नोंद ‘क्लोज्ड’ करून घेतली. दुसऱ्या कार्डाची रक्कम झेपण्यासारखी नव्हती, ती तशीच राहिली. सगळं एकदम धुऊन निघत नाही. पैसे देण्याआधी मात्र नोंद बदलण्याचं आश्वासन लेखी घ्या. फोनवरचा शब्द कागदावर येत नाही.

चौथं, नवं कार्ड. इथे लोक दचकतात. ज्यानं घर बुडवलं तेच पुन्हा घ्यायचं? प्रश्न रास्त आहे. पण आकडा वाढतो तो नव्या आणि वेळेवर फेडलेल्या उधारीनं. नुसतं गप्प बसून तो फार सावकाश हलतो. तडजोड झालेल्या कर्जदाराला निदान बारा महिने नवं कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा नियम आहे, तोही लक्षात ठेवा. त्यानंतर सोपी वाट म्हणजे मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड. त्यांनी २०,००० ची ठेव ठेवली आणि १६,००० ची मर्यादा मिळाली. ठेवीवर व्याज सुरू राहतं, फक्त ती बँकेकडे अडकलेली असते. थकवलं तर बँक ठेव मोडून घेते. म्हणून घरातली शेवटची शिल्लक यात कधीही घालू नका.

वापरायचं कसं? त्यांनी त्या कार्डावर फक्त विजेचं आणि गॅसचं बिल लावलं. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे ४,८०० च्या खाली. बिल येताच पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती होईल अशी सूचना दिली. कार्ड पाकिटात नव्हतं, कपाटात होतं. कार्डावर एटीएममधून रोख काढायची नाही, कारण तिथे पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. दुसऱ्या चार बँकांत अर्ज टाकायचे नाहीत, प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात उमटते. आणि कोणाला जामीन राहायचं नाही. नात्यात हे कठीण जातं, आम्हाला माहीत आहे. पण जामिनाची थकबाकी आपल्याच नावावर चढते.

ज्याचा हात आवरत नाही त्यानं कार्ड घेऊच नये, हेही स्पष्ट सांगतो. बँकेतून लहानसं सोनेतारण कर्ज घेऊन वेळेवर फेडलं तरी नोंद होते. पतसंस्थेतून घेणार असाल तर आधी विचारा, तुमच्या परतफेडीची माहिती या चार कंपन्यांकडे जाते का? गेली नाही तर फेड पुण्याची, पण आकड्याच्या उपयोगाची नाही.

‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्यांना एक रुपया देऊ नका. खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही, आणि खोटी नोंद फुकट दुरुस्त होते. मग त्यांना पैसे कशाचे? मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अनोळखी ॲपपासूनही दूर राहा.

वसुलीबद्दल दोन शब्द. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. शिवीगाळ, शेजाऱ्यांना सांगणं, नातेवाइकांना त्रास देणं, यांनाही मनाई आहे. तारीख-वेळ लिहून ठेवा आणि तक्रार करा. कार्डाचे पैसे फिटले नाहीत एवढ्यावरून तुरुंगवास होत नाही. चेक परत गेला तर मात्र कलम १३८ लागू शकतं, म्हणून खात्यात पैसे नसताना चेक लिहून देऊ नका.

त्या गृहस्थांचं पुढे काय झालं? दीड वर्षात आकडा ५६० च्या आसपास होता तो ६९० पर्यंत आला. दुसऱ्या वर्षाला तो पुरला नाही, मामांनीच पुन्हा हात दिला. तिसऱ्या वर्षी वडिलांबरोबर आईलाही सहकर्जदार घेऊन कर्ज मंजूर झालं. आईचं शिवणकामाचं उत्पन्न बँकेत नियमित जमा होत होतं, त्याचा उपयोग झाला. मामांचे पैसे ते अजून फेडताहेत. त्याची नोंद कुठल्याही कंपनीकडे जात नाही, पण घरात जाते.

मंडळी, आजच्या सभेत असं ओझं घेऊन बसलेले कोणी असतील, तर एक करा. घरी गेल्यावर आधी घरातल्या एका माणसाला खरा आकडा सांगा, कमी करून नाही, पूर्ण. आम्ही पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत शेवटची दोन कार्डं पहिल्या दोन कार्डांची गोष्ट लपवण्यासाठी काढलेली होती. मग रविवारी कागद घेऊन या. सकाळी दहा ते बारा आम्ही असतो. नाव विचारत नाही, चहा मात्र प्यावा लागतो.

गणपती बाप्पा मोरया!