माणूस मुळात स्वार्थी आहे का?

श्रोतेहो, गावच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "माणसाची जातच स्वार्थी, दंडुक्याशिवाय ती सरळ चालायची नाही." हे कितपत खरे, ते आज पाहू.

शेती सुरू होऊन फार तर दहाबारा हजार वर्षे झाली. त्याआधी लाखो वर्षे माणूस लहान टोळ्यांत राहिला. शिकार एकाला मिळे, खात सगळे. घ्यायला पुढे आणि द्यायला मागे असणाऱ्याला टोळी नावे ठेवी, प्रसंगी हाकलून देई. आणि एकटा माणूस जगणार कसा? म्हणून वाटून खाण्याची बुद्धी आणि लबाडीची चीड, दोन्ही आपल्या रक्तात उतरल्या.

याचा पडताळा झुरिचला अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांनी घेतला. त्यांचा निबंध २००२ साली प्रसिद्ध झाला. २४० विद्यार्थी, चौघाचौघांचे गट. प्रत्येकाने सामाईक पेटीत पैसे टाकायचे. ते वाढवून चौघांत सारखे वाटायचे. न टाकणाऱ्यालाही वाटा मिळे! साहजिकच हळूहळू सर्वांनीच हात आखडता घेतला. पुढे पदरचे पैसे मोडून चुकाराला दंड करण्याची मुभा मिळाली, आणि पेटी भरू लागली. गंमत पाहा : दर फेरीला गट बदलत असे. दंड करणाऱ्याला स्वतःला लाभ नव्हता. तरी त्याने दंड केला.

धुळे-नाशिककडच्या श्रोत्यांना हे नवीन वाटणार नाही. पांझरेवरच्या बंधाऱ्यांखाली फडपद्धत शतकानुशतके चालली ती याच स्वभावावर. एका फडात एक पीक. पाणी द्यायला सर्वांनी नेमलेला पाटकरी. पाणी कमी पडले, तर कोणते फड भिजवायचे ते मिळून ठरवायचे. अशाच व्यवस्थांचा जगभर अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

मात्र या स्वभावाला दुसरी बाजूही आहे. टोळीची माया टोळीपुरतीच असते. निवडणुकीत 'आपला' आणि 'परका' अशी हाक घातली, की तीच जुनी वृत्ती उसळून येते आणि आपल्यातल्याची लबाडीही आपण पोटात घालतो.

तेव्हा मंडळी, माणूस देव नाही, तसा चोरही नाही. शेजारी आपला वाटा उचलतो, हे दिसले की तोही उचलतो. म्हणून ग्रामसभेत हिशेब मोठ्याने वाचला जावा, आणि नियम सरपंचाच्या भावालाही तोच असावा. शिक्षकांनी ही सवय वर्गातल्या सामाईक कामापासूनच लावावी.