कोपरा, सरवा आणि वेस
(हितचिंतक मेळाव्यातील भाषण)



रूथचे पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे आहे. आज ते मी हिंगोली जिल्ह्यातून वाचणार आहे, कारण नामीचे घर मला येथे दर हंगामाला दिसते.

बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर. त्याच गावात दुष्काळ पडला. अलीमलेख, नामी आणि त्यांची दोन मुले मवाब देशी गेली. काही काळ राहू, मग परतू, असाच विचार असावा. तेथे अलीमलेख वारला. मुलांनी तिथल्या मुली केल्या, आणि सुमारे दहा वर्षांत तेही दोघे गेले. घरात उरल्या तीन विधवा. मवाबी लोक इस्राएलाला परके, नकोसे. तरी त्याच देशाने या कुटुंबाला पोसले आणि नामीला रूथ दिली.

आपल्या कळमनुरी, औंढा नागनाथ, सेनगाव भागातली कितीतरी आंध व बंजारा कुटुंबे सोयाबीन निघाले की मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. परमुलखात पाचटाची कोपी, पहाटेपासून तोडणी. कोयत्यातला एक फडातच गेला, तर फिटायची राहिलेली उचल दुसऱ्याच्या डोक्यावर येते.

आमच्या कामातल्या एका गावी अशी एक बहीण अर्ध्या हंगामातून परतली. नवरा फडावर तापाने गेला होता. पदरात लहान मुलगा, घरी थकलेली सासू. मुकादमाचा निरोप आला, "पुढच्या वर्षी पोराला घेऊन ये आणि फेड." सासू म्हणाली, "बाई, तू माहेरी जा. माझं काय, आज आहे उद्या नाही." ती गेली नाही.

रूथची निष्ठा आपण वाखाणतो. पण निष्ठेने चूल पेटत नाही. लेवीयच्या 19 व्या अध्यायात आज्ञा आहे की, कापणी करताना शेताचा कोपरा सोडावा, सरवा गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावा. सरवा म्हणजे काय, हे आपल्या आयाबहिणींना शिकवावे लागत नाही. त्या आज्ञेमुळे रूथ भीक न मागता शेतात गेली. बवाजाने गड्यांना ताकीद दिली की, तिला कोणी हात लावू नये. पेंढ्यांतली कणसेही मुद्दाम टाकायला सांगितली. मग वेशीत दहा वडील बसवून त्याने अलीमलेखाच्या जमिनीचा निवाडा करून घेतला. धान्याने दिवस निघतो, जमिनीने घर उभे राहते.

आजच्या कायद्यातही असे कोपरे आहेत. दारिद्र्यरेषेखालील घरातला 18 ते 59 वयाचा कमावता माणूस गेला, तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून 20,000 रुपये मिळतात. विधवेसाठी संजय गांधी निराधार योजना आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे होतो. उचलीपोटी सक्तीने राबवून घेण्यास 1976 च्या वेठबिगारी कायद्याने मनाई आहे.

अडते कुठे? मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, म्हणजे शेकडो किलोमीटर दूर. दाखला नाही, तर पुढचा एकही अर्ज सरकत नाही. त्या बहिणीसोबत आमचे कार्यकर्ते दोनदा तिकडे गेले, तेव्हा दाखला हाती आला. कुटुंबलाभाची रक्कम मिळाली. वनपट्ट्यावर तिचे नाव आधीच होते, म्हणून दिराचा दावा टिकला नाही. उचलीचा तगादा अजून मिटलेला नाही. मुलगा मात्र शाळेत आहे.

माझी विनंती एवढीच. दिवाळीआधी आपल्या मंडळीजवळच्या गावांतून कोण तोडीला निघाले, त्यांची यादी करा. आधार, रेशनकार्ड, पट्टा यांच्या प्रती जपून ठेवा. कोणी एकटी परतली, तर तिच्यासाठी प्रार्थना करा आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर तहसीलला जा. आजची वेस तीच आहे.

नामी म्हणाली होती, मी भरलेली गेले, रिकामी आले. तिच्या मांडीवर पुढे ओबेद खेळला, दाविदाचा आजोबा. मधे एक कापणीचा हंगाम गेला, आणि वेशीत उभा राहणारा एक माणूस भेटला.

देव आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.