मांडावरचे धालो
(श्रींच्या वर्धापनदिनी महाजन-कुळाव्यांच्या सभेत केलेले भाषण)



पालखी, कीर्तन, दशावतार यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज मी आपले लक्ष अंगणातील मांडाकडे वेधू इच्छितो. पौषातील रात्री जेवणखाण आटोपल्यावर गोमंतकातील स्त्रिया ज्या मांडावर धालो खेळतात, तो मांड देवळाइतकाच पवित्र मानला जातो.

मांड सारवून दिवा लावतात. प्रथम धरित्रीला व ग्रामदेवतांना नमन होते. मग साधारण बारा-बारा स्त्रियांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एकमेकींच्या पाठीमागून हात गुंफून त्या लवत पुढे येतात, मागे सरतात. एक रांग चरण म्हणते, दुसरी तो उचलते. कोकणी आणि मराठी तेथे गुण्यागोविंदाने नांदतात. वाद्यांचा साज नाही, पौरोहित्याची गरज नाही. देवतेला आळवण्याचा अधिकार सर्वस्वी स्त्रियांचा. अखेरच्या रात्री पुरुषवेषाची सोंगेही निघतात.

घरगुती गीतांचे सामर्थ्य परकी सत्तेने पुरते ओळखले होते. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या फर्मानात लग्नातील ओव्या आणि अंगणातील तुळस यांवरही बंदी घातली होती. गाणे तुटले की पूर्वस्मृती तुटते, हा त्यामागील हिशेब होता.

आज बंदी कोणाचीच नाही. १९६१ नंतर लोककलांना रंगमंच लाभला, ही आनंदाची गोष्ट. परंतु रंगमंचावर दहा मिनिटांत धालो संपतात. मांडावर ते रात्र जागवतात. मध्यंतरी एका वाड्यावर मी पाहिले : वृद्ध आजीने चरण उचलला, पण समोरच्या रांगेतून उत्तर आले नाही. लेकी-सुना उभ्या होत्या, पुढचे शब्द कोणालाच ठाऊक नव्हते. आजीनेच तो चरण दुसऱ्यांदा म्हटला. ते ऐकून मन विषण्ण झाले.

आपण देवालयांचे जीर्णोद्धार करतो, देणगीदारांची नावे शिळेवर कोरतो. या आजींची नावे मात्र कोणत्याही वहीत नाहीत. म्हणून माझी नम्र विनंती आहे : प्रत्येक कुळाने आपल्या घरातील वृद्ध स्त्रीजवळ बसून तिची गीते लिहून घ्यावीत, मांडाची जागा बांधकामातून मोकळी ठेवावी, आणि जत्रेला येणाऱ्या परगावच्या कुळाव्यांनी पौषात एक रात्र तरी मुलींना मांडावर आणावे. वहीतले गीत टिकेल. पण त्याला उत्तर देणारी रांग मांडावरच घडते.

ती रांग अखंड राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.