माशीचा वैरी उकिरड्यातच

(नाशिक रोड येथे शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणातील काही भाग)



द्राक्षावरील पिठ्या ढेकणावर क्रिप्टोलिमस भुंगेरे सोडावेत, हे नाशिकच्या बागायतदारास आता सांगावे लागत नाही. परंतु घरमाशीलाही असाच वैरी आहे आणि तो विकत आणावा लागत नाही, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

त्याचे नाव स्पॅलँजिया. गांधीलमाशीचा हा दूरचा नातलग. रंगाने काळा, लांबी जेमतेम २ ते ३ मिलिमीटर. माणसाच्या वाटेला तो जात नाही.

घरमाशी ओल्या शेणात अंडी घालते. अळ्या पोसल्या की कोरड्या कडेला सरकतात आणि गव्हाच्या दाण्याएवढ्या तांबूस कोशात स्वतःला कोंडून घेतात. स्पॅलँजियाची मादी नेमके हेच कोश हुडकीत भुसभुशीत खतात शिरते. टणक कवचाला ती सुईसारख्या अवयवाने भोक पाडते आणि कवच व आतील जीव यांमधील पोकळीत बहुधा एकच अंडे ठेवते. अंड्यातून निघालेली अळी घडत असलेल्या माशीला बाहेरून चिकटते व तिला शोषून संपविते. फलित अंड्यातून मादी निपजते, अफलितातून नर!

शिक्षक बंधुभगिनींनी रिकामे कोश चिमट्याने उचलून मुलांना दाखवावेत. माशी बाहेर पडताना कोशाचे टोक टोपणासारखे उडते. स्पॅलँजिया मात्र कवच कुरतडून लहानसे वाटोळे भोक पाडतो.

खरी अडचण वेळेची आहे. उन्हाळ्यात घरमाशीची पिढी सुमारे दहा दिवसांत तयार होते. स्पॅलँजियाला उबदार हवेतही तीन-चार आठवडे लागतात. खतावर कीटकनाशक फवारले की दोन्ही मरतात, आणि आधी परतते ती माशी. एका गावच्या अशा फवारणीचे कौतुकपर वृत्त मीच लिहिले होते. ते छापून येईपर्यंत तेथे माशा पुन्हा घोंगावू लागल्या होत्या.

एकट्या स्पॅलँजियावर विसंबता येणार नाही. चिखलासारख्या ओल्या शेणात त्याला शिरताच येत नाही. तेव्हा ताजे शेण आठवड्याच्या आत उचलून पातळ पसरून वाळवावे. खड्डा उपसताना जुन्या कोरड्या खताचा काही भाग राहू द्यावा, कारण वैऱ्याची पुढची पिढी त्यातच असते. फवारणी करावीच लागली, तर माशा बसतात त्या गोठ्याच्या भिंतींवर करावी, खतावर नको.