दोन मुष्टियोद्धे आणि आपली लेखणी



क्रीडालेखकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. क्रीडा पत्रकारितेच्या सद्यःस्थितीचा आढावा अध्यक्षाने घ्यावा अशी प्रथा आहे. तो आढावा इथल्या परिसंवादांत होणारच आहे, म्हणून मी माझा वेळ दोन माणसांना देणार आहे. मोहम्मद अली आणि जो फ्रेझियर. फ्रेझियर नोव्हेंबर २०११ मध्ये गेला, अली जून २०१६ मध्ये. दोघांमध्ये तीन लढती झाल्या. दोन अलीने जिंकल्या, एक फ्रेझियरने. एकूण ४१ फेऱ्या. इतकी अटीतटीची झुंज देणाऱ्या या दोघांच्या मागे जे उरलं, त्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. बॉक्सिंगशी काडीचा संबंध नसलेल्या घरातही अली ठाऊक असतो. फ्रेझियरचं नाव निघतं ते अलीच्या गोष्टीतला दुसरा माणूस म्हणून. हा फरक कशाने पडला आणि त्यात आपल्या व्यवसायाचा हात किती, हे मला आज बोलायचं आहे.

पहिली लढत ८ मार्च १९७१ ची, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली. दोघेही तोवर अपराजित, दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर. फ्रँक सिनात्रा रिंगजवळ 'लाइफ' साप्ताहिकासाठी छायाचित्रं काढत होता. त्याच रात्री पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया या गावी एफबीआयचं कार्यालय फोडून युद्धविरोधी कार्यकर्त्यांनी गुप्त कागदपत्रं पळवली. सगळ्यांचं लक्ष लढतीकडे असेल, म्हणून त्यांनी हीच रात्र निवडली होती.

फ्रेझियरचा डावा हात पूर्ण सरळ होत नसे. साउथ कॅरोलायनात ब्यूफर्टजवळच्या शेतावर तो वाढला. लहानपणी एक डुक्कर मागे लागलं, पोरगं पळता पळता पडलं आणि हात विटेवर आपटला. डॉक्टरकडे न्यायला घरात पैसे नव्हते. हाड जसं जुळलं तसं जुळलं आणि हात कोपरात कायमचा वाकला. हुक मारायला वाकलेलं कोपरच लागतं. पंधराव्या फेरीत तोच हात जवळजवळ गुडघ्याच्या उंचीवरून वर आला आणि अलीच्या जबड्यावर बसला. अली पाठीवर आडवा झाला, पाय हवेत गेले, बुटांचे लाल गोंडे उडाले. तो ठोसा खाऊन अली काही सेकंदांत उभा राहिला आणि त्याने फेरी पुरी केली, याचंही मला तितकंच नवल वाटतं. पण तिन्ही गुणपत्रिका फ्रेझियरच्या बाजूने होत्या.

आता अलीविषयी. त्याचा मोठेपणा कुणी वाढवून सांगितलेला नाही. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनमध्ये त्याने व्हिएतनाम युद्धासाठीच्या सैन्यभरतीला नकार दिला, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. जगज्जेतेपदाचा किताब काढून घेतला गेला, पाच वर्षांची शिक्षा आणि दहा हजार डॉलर दंड झाला. अपील चालू असल्याने तो तुरुंगाबाहेर राहिला, पण साडेतीन वर्षं रिंगमध्ये उतरू शकला नाही. मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यातली ही सर्वांत मोलाची वर्षं. ती त्याने आपल्या श्रद्धेपायी सोडून दिली. जून १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, एकही न्यायमूर्ती विरोधात गेला नाही. गेलेली वर्षं परत मिळाली नाहीत. खेळाडूने देशाच्या युद्धाविषयी भूमिका घ्यावी आणि तिची किंमतही मोजावी, ही वाट त्याने पाडली. पुढे १९९६ मध्ये अटलांटात थरथरत्या हाताने ऑलिंपिकची ज्योत पेटवणाऱ्या अलीला साऱ्या जगाने पाहिलं. पार्किन्सनचा आजार त्याने लपवला नाही. २००० साली अमेरिकेत प्रवर्तकांच्या मनमानीला आळा घालणारा मुष्टियोद्ध्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याला अलीचंच नाव दिलं गेलं. वारसा म्हणावा तर तो हा.

पण अली रिंगबाहेर होता त्या साडेतीन वर्षांत फ्रेझियर त्याच्याशी कसा वागला? त्याने अलीला पैशांची मदत केली. अलीचा परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला, थेट राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यापर्यंत. अलीने त्याची परतफेड केली ती त्याला 'अंकल टॉम' म्हणून, म्हणजे गोऱ्यांपुढे मान तुकवणारा काळा माणूस म्हणून. ज्याने पोरवयात साउथ कॅरोलायनाच्या शेतावर घाम गाळला, फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात काम केलं, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मोडलेल्या अंगठ्यानिशी सुवर्णपदक मिळवलं, त्याला हे बोल. १९७१ मध्येच फ्रेझियर आपल्या राज्याच्या विधिमंडळापुढे बोलायला उभा राहिला आणि काळ्या-गोऱ्यांच्या सलोख्याविषयी बोलला. ही गोष्ट किती जणांनी लिहिली?

मनिलातल्या तिसऱ्या लढतीआधी अलीने पत्रकारांसमोर खिशातून रबरी गोरिला काढला, हा फ्रेझियर आहे म्हणत त्याला ठोसे मारले. पत्रकार हसले आणि त्यांनी ते छापलं. मित्रहो, माझी तक्रार इथे आहे. अली लढतीची तिकिटं खपवत होता, हे मला समजतं. आपल्या व्यवसायातल्या माणसांनी मात्र ते जसंच्या तसं उचललं, कारण अलीचं वाक्य म्हणजे आयता मथळा असायचा. फ्रेझियर कमी बोलायचा, बोलला तरी अडखळत. त्याच्याकडून मथळा मिळत नव्हता. हे टोमणे त्याच्या मुलांना शाळेत ऐकावे लागले.

१ ऑक्टोबर १९७५, मनिलाजवळचं क्विझॉन सिटी. अमेरिकेतल्या प्रक्षेपणासाठी लढत सकाळी ठेवलेली, आत भट्टीसारखा उकाडा. फ्रेझियरच्या डाव्या डोळ्याची दृष्टी आधीच मोतीबिंदूने गेल्यात जमा होती. चौदाव्या फेरीपर्यंत उजवा डोळाही सुजून मिटला. समोरून येणारा ठोसा त्याला दिसतच नव्हता, तरी तो पंधराव्या फेरीसाठी उठायला निघाला. प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला बसवलं आणि लढत थांबवली. आज तू इथे जे केलंस ते कुणी विसरणार नाही, असं ते त्याला म्हणाले. हा शब्द फच यांनी दिला होता, पण तो पाळणं आपल्या हातात होतं. आपण मनिलाची लढत लक्षात ठेवली ती अलीचा विजय म्हणून. मरणाच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो, असं त्या दिवसाविषयी खुद्द अली म्हणाला. त्याला तिथवर कुणी नेलं होतं?

पुढची गोष्ट फिलाडेल्फियाची. नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर फ्रेझियरची व्यायामशाळा होती. वरच्या मजल्यावर तो राहायचा, खाली वस्तीतली पोरं सराव करायची. २००८ मध्ये ती बंद पडली आणि तिथे फर्निचरचं दुकान आलं. लुइव्हिलमध्ये अलीच्या नावाचं भव्य केंद्र २००५ पासून उभं आहे, ते असायलाच हवं. पण फिलाडेल्फियात 'रॉकी' चित्रपटातल्या काल्पनिक मुष्टियोद्ध्याचा पुतळा १९८० च्या दशकात बसला आणि त्याच शहराच्या खऱ्या विजेत्याला पुतळ्यासाठी २०१५ पर्यंत थांबावं लागलं. तोवर त्याला जाऊन जवळजवळ चार वर्षं झाली होती. कत्तलखान्यात टांगलेल्या मांसावर ठोसे मारायचा सराव पडद्यावर रॉकीने केला. तो आपल्या आयुष्यातून उचललाय, असं फ्रेझियर सांगत राहिला.

फ्रेझियरने कडवटपणा सोडला नाही, हेही सांगायला हवं. अटलांटाच्या ज्योतीच्या वेळी अलीला त्या आगीत ढकलायला हवं होतं, असं तो बोलून गेला. ते शोभणारं नव्हतं. लोकांनी त्याला खडूस म्हातारा ठरवलं. त्या कडवटपणाच्या मुळाशी कुणी फारसं गेलं नाही. २००१ मध्ये अलीने वृत्तपत्रातून जाहीर माफी मागितली, ती थेट आपल्याकडे मागितली नाही, हे फ्रेझियरला लागलं. फ्रेझियरच्या अंत्यविधीला मात्र आजारी अली फिलाडेल्फियाला आला होता.

माझा निवाडा स्पष्ट आहे. माणूस म्हणून जगावर पडलेल्या प्रभावात अली फार मोठा आहे आणि राहील. मुष्टियोद्धा म्हणूनही तो काकणभर सरसच होता. पण काकणभरच. त्यापलीकडचं अंतर आपण लेखकांनी वाढवलं आहे, कारण बोलणाऱ्याचं लिहायला सोपं जातं.

तेव्हा इथे बसलेल्या तरुण लेखकांना माझी विनंती आहे. लढत संपली की विजेत्याच्या पत्रकार परिषदेला जरूर जा, पण दुसऱ्या खोलीतही जा. तिथला खेळाडू अडखळत बोलत असेल तर थांबा, पुन्हा विचारा. एका खेळाडूने दुसऱ्याविषयी काढलेले उद्गार छापण्याआधी ते खरे आहेत का, याची शहानिशा करा. आणि तुमच्यापैकी कुणी तरी जो फ्रेझियरवर मराठीत एक मनापासूनचं पुस्तक लिहा.