ठिपक्यांचे चित्र

श्रोतेहो, फाल्गुनात चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाताना फुललेला पळस आपण पाहिला असेलच. लांबून रान पेटल्यासारखे दिसते. जवळ गेलात की एकेक केशरी फूल सुटे, मधून काळपट फांद्या आणि निळे आभाळ. हे सारे आपला डोळाच जोडून घेतो.

झॉर्झ सरा या फ्रेंच चित्रकाराने हाच धागा धरला. 1884 ते 1886 या काळात त्याने पॅरिसजवळच्या ग्रांद जात बेटावरची रविवारची दुपार रंगवली. चित्र दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद. गवताच्या हिरव्यात त्याने पिवळे, नारिंगी ठिपके शेजारी शेजारी ठेवले. निळ्यालगत नारिंगी आला, की दोन्ही उजळतात, हे त्याला ठाऊक होते. या पद्धतीला नवदृक्प्रत्ययवाद म्हणतात.

आता अर्थाकडे वळू. चित्रात चाळिसाहून अधिक माणसे आहेत, पण बोलताना जवळजवळ कोणी दिसत नाही. मधोमध पांढऱ्या झग्यातली एक लहान मुलगी तेवढी सरळ आपल्याकडे पाहते. ठिपके शेजाऱ्याला उजळतात; माणसे मात्र शेजारी असून एकटी! मला वाटते, चित्राचे मर्म इथे आहे, आणि ते रंगवण्याच्या रीतीतूनच उमगते.

म्हणून गुरुजी, मुलांना ‘अर्थ काय?’ हे शेवटी विचारा. आधी जवळून काय दिसते, मग दहा पावले मागे सरून काय दिसते, ते विचारा. मूळ चित्र शिकागोला आहे. पण वर्तमानपत्रातले रंगीत चित्र भिंगाखाली धरा. तिथेही ठिपकेच भेटतील.